दोनशे बारा फॉर्म

डॉ. क्षमा तांडेल घाटकोपरच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं मानसशास्त्र शिकवत होती. तिचा विषय कामाच्या जागेचा. माणूस ऑफिसात, कारखान्यात, दुकानात कसा वागतो, का टिकतो, का सोडून जातो, साहेबावरचा राग घरी कसा नेतो, हे सगळं त्यात यायचं. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली मुलगी या विषयाकडे कशी वळली, असं कोणी विचारलं की ती म्हणायची, "आमच्याकडे बोटीवर सात माणसं असतात आणि आठ दिवस कोणाला उतरता येत नाही. तिथून सुरू झालं." हे खरं होतं की नंतर कधीतरी सुचलेलं, ते तिलाही आता नीट सांगता आलं नसतं. पण मुलांना ते आवडायचं.

मे महिन्यात ती निवृत्त होणार होती. विभागातली तिची तरुण सहकारी पूर्वी शहा हिने फेब्रुवारीतच सत्काराचं मनावर घेतलं.

"मॅडम, नुसती भाषणं नकोत ना," पूर्वी म्हणाली. "मुलं झोपतात. तुमच्या पीएचडीतल्या कारखान्यातलं कोणीतरी स्टेजवर आणू या. झकास होईल."

क्षमाची पीएचडी म्हणजे मुलुंडचा एक पंख्यांचा कारखाना. १९९९ साली तिने तिथल्या कामगारांकडून प्रश्नावली भरून घेतली होती. बत्तीस प्रश्न, प्रत्येकापुढे पाच चौकोन, आणि शेवटी एक मोकळा प्रश्न: कामाबद्दल आणखी काही सांगायचं आहे का? दोनशे वीस फॉर्म दिले, दोनशे बारा परत आले. त्यावरून तिने दाखवून दिलं होतं की पगाराइतकंच, काही वेळा त्याहून जास्त, वरचा माणूस आपल्याशी कसा बोलतो यावर कामगाराचं मन ठरतं. तेव्हा ही गोष्ट आकड्यांनी मांडणारं आपल्याकडे फारसं कोणी नव्हतं. पुढे ती प्रश्नावली कितीतरी जणांनी वापरली. मोकळ्या प्रश्नाला एका कामगाराने दिलेलं उत्तर तर ती दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहायची: 'मुकादम नावाने हाक मारतो तो दिवस बरा जातो.'

कारखान्याच्या जागी आता तेवीस मजली दोन इमारती उभ्या होत्या. पण जुन्या कामगारांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता आणि पूर्वीने कुठून कुठून विचारत त्यातून जयवंत परबांचा नंबर मिळवला. जयवंत तिथे टाइम ऑफिसात क्लार्क होते. कामगारांची हजेरी त्यांच्याकडे असायची. क्षमाचे फॉर्म त्यांनीच वाटले होते आणि त्यांनीच गोळा करून दिले होते.

आमंत्रण द्यायला क्षमा स्वतः गेली. मुलुंड पूर्वेला म्हाडाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जयवंत आणि त्यांची बायको मथुरा अशी दोघंच राहत होती. जयवंत चौऱ्याहत्तरचे होते, पण त्यांनी तिला दारातच ओळखलं.

"मॅडम! या, या. केस तेवढे पांढरे झाले, बाकी तशाच आसात."

चहा झाला. क्षमाने कार्यक्रमाचं सांगितलं. तुम्ही स्टेजवर दोन शब्द बोला, कामगारांनी फॉर्म कसे भरले ते मुलांना सांगा, असं म्हणाली.

जयवंतांनी कप खाली ठेवला. "ता कसा सांगूचा मॅडम? चार लोकांत?"

"का? त्यात काय?"

"अवो, फॉर्म तर आम्ही भरले ना."

क्षमाला वाटलं, आम्ही म्हणजे कामगारांनी. "हो, तेच तर. तेच सांगायचं."

"आम्ही म्हणजे मी आणि ही." त्यांनी स्वयंपाकघराकडे हात केला. "तुमका ठावक नाय होता?"

क्षमाने नाही म्हणून मान हलवली. जयवंतही गोंधळले. आतून मथुरा बाहेर आली आणि नवऱ्याच्या खुर्चीमागे उभी राहिली.

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्या वर्षी कारखान्यात माणसं कमी करणार अशी कुणकुण होती. युनियनची बोलणी चालू होती. अशात कोणी बाई येऊन 'तुम्ही कामावर समाधानी आहात का' असा कागद वाटते म्हटल्यावर कामगारांनी ठरवून टाकलं की यावरूनच नावं काढणार. कागदाला कोणी हात लावेना. आठवडाभर गठ्ठा टाइम ऑफिसच्या टेबलावर तसाच पडून होता.

"तुम्ही तीनदा आलात," जयवंत म्हणाले. "तिसऱ्यांदा तुमचा चेहरा बघवेना. तुम्ही म्हणालात, परबभाऊ, काहीही करा, पण मला हे भरून द्या. मी म्हटलं, ठीक आहे. काहीही करा म्हणतायत तर करू या."

"मी असं म्हणाले?"

"ह्याच शब्दांत. माका वाटला, तुम्ही समजून उमजून सांगताय."

घरी नेऊन चार रविवारांत त्यांनी फॉर्म भरले होते. जयवंत एकेक माणूस डोळ्यांसमोर आणायचे, हा असेंब्लीतला, याला चौदा वर्षं झाली, याचा साहेब असा, आणि चौकोनात खूण करायचे. मथुरा मोकळ्या प्रश्नाची उत्तरं लिहायची, एकाच हातचं वाटू नये म्हणून दर वेळी अक्षर बदलून. आठ फॉर्म त्यांनी मुद्दाम कोरे ठेवले.

"सगळेच परत इले असते तर खोटा वाटला असता ना," जयवंत म्हणाले. हे सांगताना त्यांना थोडा अभिमानही वाटत असावा.

काहीतरी विचारायचं म्हणून क्षमाने विचारलं, "ते मुकादमाचं उत्तर कोणाचं होतं? नावाने हाक मारतो, ते?"

जयवंतांना आठवेना. मथुराच म्हणाली, "ता माझा."

"तुमचं म्हणजे? कोणत्या कामगाराबद्दल?"

"खयच्याच नाय. मी तेव्हा भांडुपला औषधाच्या गोळ्या पाकिटात भरायला जायची. तिकडे मुकादम होता, तावडे म्हणून. सगळ्यांना ए बाई, ए बाई करायचा. एक दिवस काय झालं काय माहीत, माझं नाव घेतल्यान. मथुराबाई म्हणाला." ती थोडी हसली. "तेव्हा लिहून लिहून कंटाळा आलेला. तर तेच लिहिलं."

"मग? नंतर घ्यायचा नाव?"

"नाय. तेवढा एकच दिवस."

मेट्रोत बसल्यावर क्षमाला आठवलं की कारखान्यात कोणी 'मुकादम' म्हणत नसे, सगळे 'सुपरवायझर' म्हणायचे. तिच्या मार्गदर्शकांनी तेव्हा पेन्सिलने त्या शब्दाखाली रेघ मारली होती. कारखान्यात मुकादम कुठून आला, असं विचारलं होतं. बोलण्याची सवय असते सर, असं उत्तर तिने दिलं होतं. आणखी एक आठवलं. एका गठ्ठ्यात ओळीने आठ-दहा फॉर्मांवर हिरव्या शाईच्या खुणा होत्या. कॅन्टीनमध्ये एकच पेन हातोहात फिरलं असेल, असं तिला तेव्हा वाटलं होतं. की तिने तसं ठरवलं होतं? आणि फॉर्म किती स्वच्छ होते. असेंब्लीतल्या माणसाच्या हाताला ग्रीस नसतं का? हे तेव्हा मनात आलं होतं की आत्ता, या डब्यात, घाटकोपर आणि वर्सोव्याच्या मध्ये कुठेतरी येत होतं? आठवण प्रत्येक वेळी नव्याने तयार होते, हे ती दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवायची. परीक्षेला त्यावर हमखास प्रश्न असायचा.

घरी तिने कपाट उघडून जुने फॉर्म काढले. सगळे नव्हते, साठेक शिल्लक होते. ती जमिनीवर पसरून बसली. खूण ही खूणच असते. दोन माणसांच्या खुणा कोणत्या आणि साठ माणसांच्या कोणत्या, सांगता येत नव्हतं. हिरव्या शाईचा एकही फॉर्म त्यांत नव्हता.

तिचा थोरला भाऊ महादू शेजारच्याच इमारतीत राहायचा. दोन बोटी होत्या, आता मुलगा बघत होता. तो बोंबील द्यायला आला आणि पसरलेले कागद बघून उभा राहिला. तिने त्याला सगळं सांगितलं.

"मंग काय जालं?" महादू म्हणाला.

"काय झालं म्हणजे? माझी सगळी पीएचडी खोटी आहे, महादू."

"खोटी कशी? त्याला माणसं माहीत होती ना? बोटींचा सर्व्हे आला तेव्हा वाड्यातल्या चार बोटींचे कागद मीच भरले. ते खलाशी गावाला गेलेले. कोणाला काय लागतंय मना ठाव हाय." तो बोंबील ओट्यावर ठेवून परत आला. "त्यांना विचारलं असतं तर खोटंच सांगितलं असतं त्यांनी. मी खरं लिवलं."

तिला हसू आलं आणि लगेच भीतीही वाटली, कारण महादूचं म्हणणं तिला खोडता येत नव्हतं. घाबरलेल्या माणसाने स्वतः भरलेला फॉर्म खरा, की त्याला चौदा वर्षं रोज बघणाऱ्याने त्याच्या वतीने भरलेला? ती एकतीस वर्षं शिकवत होती की पहिला. कशावरून, ते तिला त्या संध्याकाळी आठवेना.

दुसऱ्या दिवशी तिने पूर्वीला सांगितलं. पूर्वीने आधी तोंडावर हात ठेवला, मग स्टाफरूमचं दार लावलं.

"बाकीच्यांनी पण केलंय ना तुमच्या फॉर्मवर काम? त्यांचं पण तेच आलं. मग फाइंडिंग बरोबर आहे. टेन्शन नका घेऊ."

"त्यांचे फॉर्म कोणी भरले?"

"मॅडम!"

"खरंच विचारतेय. तुझ्या एमफिलचे कोणी भरले?"

पूर्वीने दाराची कडी नीट लागली आहे ना ते बघितलं. मग म्हणाली, "बँकेतले होते. मॅनेजरकडे दिले होते. त्यांनी शुक्रवारी परत दिले." खुर्ची ओढून बसत म्हणाली, "यार मॅडम, आता माझी पण वाट लावू नका."

प्राचार्य शरच्चंद्र देवस्थळी हे रसायनशास्त्राचे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला.

"तुम्ही स्वतः काही खोटं लिहिलंत का?"

"नाही."

"तुम्हाला माहीत होतं का?"

क्षमाने तोंड उघडलं, पण 'नाही' बाहेर येईना. "मला तेच कळत नाही सर," ती म्हणाली.

"मग झालं तर. पत्रिका छापून झाल्यात मॅडम. शनिवारी शांतपणे सत्कार घ्या. नंतर काय लिहायचं ते विद्यापीठाला लिहा. मी अडवणार नाही."

शनिवारी सभागृह भरलं होतं. जयवंत पांढऱ्या शर्टात आणि मथुरा नव्या साडीत पहिल्या रांगेत बसली होती. भाषणं झाली. क्षमा बोलायला उभी राहिली तेव्हा तिच्या हातात चार-पाच ओळी लिहिलेला कागद होता. तिने तो वाचून दाखवला.

"माझ्या प्रबंधातले दोनशे बारा फॉर्म दोनशे बारा कामगारांनी भरलेले नव्हते. ते दोन माणसांनी घरी बसून भरले. मला ते माहीत नव्हतं, किंवा माहीत करून घ्यायचं नव्हतं. यातलं नक्की काय, ते मला सांगता येत नाही. ती दोघं इथे बसली आहेत आणि त्यांची काही चूक नाही."

मग मागच्या रांगांतून हशा उठला, मॅडमनी काहीतरी गंमत केली असावी तसा, आणि त्यातून टाळ्या सुरू झाल्या. आपल्याबद्दल चाललंय हे कळून मथुरा उठली आणि वळून सगळ्यांना नमस्कार केला. टाळ्या वाढल्या. प्राचार्य माइकपाशी येऊन म्हणाले, "मोठी माणसं आपलं श्रेय असं दुसऱ्याला देऊन टाकतात." लगेच शाल मागवली गेली आणि मथुराच्या खांद्यावर घातली गेली. फोटो निघाले. एका फोटोत क्षमा बाजूला उभी आहे आणि कागदाची घडी घालते आहे.

"मी सांगितलं ना?" तिने नंतर पूर्वीला विचारलं. "नीट सांगितलं ना मी?"

"सांगितलंत मॅडम."

"मग?"

पूर्वीने खांदे उडवले. "आवडलं लोकांना."

क्षमाने विद्यापीठाला पत्र लिहिलं. सात आठवड्यांनी उत्तर आलं: सदर प्रबंध तत्कालीन नियमांनुसार मान्य झालेला असून आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे. तिने ते दोनदा वाचलं. नोंद घेतली म्हणजे काय केलं, हे विचारायला फोन केला, तर संबंधित बाई रजेवर होत्या.

मे महिना आला आणि ती निवृत्त झाली. तिसऱ्या दिवशी ती उरलेले साठ फॉर्म पिशवीत घालून मुलुंडला गेली आणि जयवंतांच्या पुढ्यात ठेवले.

"यातला कोणता कोणाचा, आठवेल?"

फॉर्मवर नाव नव्हतं, फक्त खातं, वय आणि नोकरीची वर्षं. जयवंतांनी जाड भिंगाचा चष्मा लावला आणि एकेक उचलून सांगायला लागले. पेंट शॉप, एकेचाळीस, म्हणजे कळव्याचा. वाइंडिंग, पंचवीस, हा तर वारला. दोन तासांत त्यांनी शेहेचाळीस माणसं ओळखली. काहींचे फोन ग्रुपवर होते, काहींचे पत्ते मथुराने इकडेतिकडे विचारून आणले.

क्षमाने ठरवलं होतं ते साधं होतं: त्याच माणसाला तेच प्रश्न विचारायचे आणि जयवंतांच्या खुणेशी ताडून बघायचं. इतक्या वर्षांनी माणसाला काय आठवणार, आणि आठवलं तरी ते किती खरं धरायचं, ही शंका तिला होतीच. दुसऱ्या कोणी असं काम तिच्याकडे आणलं असतं तर तिने पहिल्याच पानावर लाल रेघ मारली असती. पण दुसरं काय करावं हेही सुचत नव्हतं.

पहिला भेटला बाळा तांबे. भांडुप स्टेशनबाहेर त्याचं पंखे आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं, दोन माणसं उभी राहतील एवढं. क्षमाने आपण कोण ते सांगितलं आणि त्याने तिला स्टूल दिलं.

"प्रश्न पाचवा," ती म्हणाली. "तुमचा वरिष्ठ तुमचं म्हणणं ऐकून घेतो का? अजिबात नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी. तेव्हाचं आठवून सांगा."

बाळाने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "कुठला वरिष्ठ?"

"तुमचा. सुपरवायझर."

"अहो पण कुठला? पहिल्या पाळीचा की दुसऱ्या? पहिल्या पाळीला कामत होते, देवमाणूस. दुसरीला नाडकर्णी. त्याला तोंड उघडून दाखवायचं नाही. आमची दर आठवड्याला पाळी बदलायची."

क्षमाने फॉर्मवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. बत्तीस प्रश्नांतले अकरा वरिष्ठाबद्दलचे होते आणि एकातही पाळीचा उल्लेख नव्हता. तिला सुचलं नव्हतं, मार्गदर्शकांना सुचलं नव्हतं, नंतर ती प्रश्नावली वापरणाऱ्यांनाही सुचलं नव्हतं. बाळाच्या जुन्या फॉर्मवर पाचव्या प्रश्नाला मधल्या चौकोनात खूण होती. तिने तिथूनच जयवंतांना फोन लावला.

"बाळाच्या पाचव्याला मध्ये का केलीत खूण?"

"बाळाक एक साहेब बरो, एक वायट," पलीकडून जयवंत म्हणाले. "दोन खुणा करूक जागा नाय होती. म्हणून मधे मारलंय."

तिने फोन ठेवला. बाळाने पंख्याचं पातं पुसत विचारलं, "मग काय लिहिताय?"

"दोन्ही सांगा," क्षमा म्हणाली आणि चौकोनांच्या शेजारी पेनाने आणखी एक रांग आखायला लागली. बाळा कामतांबद्दल बोलायला लागला तो पाऊण तास थांबला नाही. मध्ये दोन गिऱ्हाइकं आली आणि उभ्याउभ्या ऐकत राहिली.

ऑगस्टपर्यंत ती एकोणीस जणांना भेटली होती. अकरांची उत्तरं जयवंतांच्या खुणांशी बरीचशी जुळली. सहांची जुळली नाहीत. एकाने सगळ्या प्रश्नांना 'नेहमी' असं सांगितलं आणि चहा पाजूनच तिला जाऊ दिलं. एकाने विचारलं की हे कशासाठी आहे, पुन्हा माणसं कमी करणार आहेत का, आणि दार लावून घेतलं.

पूर्वी अधूनमधून फोन करायची. या वर्षी पहिला तास तिच्याकडे होता.

"मॅडम, फळ्यावर ते मुकादमाचं वाक्य लिहू की नको?"

"लिही."

"आणि कोणाचं म्हणून सांगू?"

"मथुरा परब, औषध पॅकिंग, भांडुप म्हणून सांग."

"आणि डेटा? खरा की खोटा? मुलं विचारतील."

"मला माहीत नाही गं," क्षमा म्हणाली. "अजून सत्तावीस राहिलेत."

गुरुवारी तिला कळव्याला जायचं होतं, पेंट शॉपवाल्याकडे. त्याला आता ऐकू येत नाही, असं जयवंतांनी बजावलं होतं. फोन ठेवून तिने कोऱ्या कागदांचा गठ्ठा पुढे ओढला आणि पहिला प्रश्न जाड मार्करने मोठ्या अक्षरांत लिहायला घेतला.